चाफ्याखालचा केर

दुधाची बाटली आत न्यायची नाही म्हटल्याबरोबर शिवलीलाचं टाळकं सटकलं.

“का नाही?”

“खायचं-प्यायचं काहीच आत चालत नाही,” गेटवरचा नागराज कन्नडात म्हणाला आणि पाटीवर बोट ठेवलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला गडी. अंगावर कोरा करकरीत युनिफॉर्म. घाम पुसायला त्यानं टोपी काढली, तर आत दुकानाचं लेबल अजून तसंच चिकटलेलं. शिवलीलानं ते बरोबर हेरलं. पोरीचे डोळेच तसे होते.

“हे प्यायचं नाही.”

“मग दूध कशाला असतं?”

याला उत्तर होतं, पण ते गेटवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मागं रांग लागलेली. गॉगलवाली जोडपी, कॅमेरे, बाबागाडीतली पोरं. तेव्हा सांगायचं ते राहिलं बाजूला आणि तोंडातून भलतंच निघालं. “आधी टोपीचं लेबल काढ, मग आम्हाला कायदा शिकव.”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. नागराजचं तोंड एवढंसं झालं. त्यानं गुपचूप टोपी घातली आणि बाटलीसाठी हात पुढं केला.

भागुबाईनं नातीच्या दंडाला असा चिमटा घेतला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “दे ती बाटली. बापाच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करालीस व्हय? बावन्न वर्सं थांबले मी. तुझ्या भांडणापायी फाटकातनं परत जायचं न्हाई मला.”

बाटली नागराजच्या टेबलावर राहिली आणि दोघी आत गेल्या.

फाटकावर ‘लिंडन लॉज’ अशी पितळी पाटी होती. पण भागुबाईच्या तोंडी तो गंटे बंगलाच. तिच्या वेळी फाटकाला मोठी घंटा टांगलेली असायची, म्हणून बंगलूरच्या मल्लेश्वरमचे सगळे रिक्षावाले त्याला तेच म्हणायचे. मालकांच्या भावाभावांत कोर्टकज्जा लागला, बंगल्याला कुलूप बसलं आणि सगळ्या नोकरमाणसांनी बोचकी उचलली, त्याला आता चाळीस वर्षं झाली. ते कुलूप दोन वर्षांपूर्वी निघालं. कुठल्या तरी ट्रस्टनं बंगला दुरुस्त केला, बाग जुन्या नकाशाबरहुकूम परत लावली आणि गेल्या महिन्यापासून रविवारी लोकांना बघायला उघडी केली. शिवलीलाच्या बापाच्या, मंजुनाथच्या मोबाईलवर त्याचे फोटो आले होते. तो सर्जापूर रोडला कंपनीची कॅब चालवतो, त्याच्या ग्रुपवर असलं काही ना काही येतच असतं. चामराजपेटच्या दोन खोल्यांत त्यानं ते फोटो आईला दाखवले आणि कामावर निघून गेला. भागुबाई मात्र चटणी वाटता वाटता थांबली ती थांबलीच.

शिवलीला घरातच होती. ती घरातच असायची. दहावीच्या मध्येच शाळा सुटलेली. सुटलेली म्हणजे, सरांनी वर्गात बापाच्या गाडी चालवण्यावरून काहीतरी टोमणा मारला, हिनं जेवणाचा डबा भिरकावला आणि दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. त्यानंतर एक ब्युटी पार्लर झालं, एक कपड्यांचं दुकान झालं. दोन्हीकडं महिना भरायच्या आत भांडण. सतरा वर्षांची पोरगी, दिवसभर या दारातून त्या खिडकीत.

“काय झालं गं म्हातारे? हात का थांबला?”

मग भागुबाईनं सांगितलं. पोटच्या पोरालाही कधी सांगितलं नव्हतं ते नातीला सांगितलं.

तिचा नवरा, शिवलीलाचा आजोबा ज्योतिबा, त्या बंगल्यात माळी होता. लग्न होऊन भागुबाई निपाणीकडून आली तेव्हा तीही सतरा-अठराचीच. बंगल्यामागं नोकरांच्या चार खोल्या, त्यातली एक यांची. तिथंच पहिली मुलगी झाली. इकडच्या नदीचं नाव ठेवलं, कावेरी. बारसं झालं. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं वरवंट्याला कुंची घातली, काजळ लावलं आणि आधी त्याला पाळण्यात निजवलं, मग पोरीला. तो वरवंटा म्हणजे मोठा भाऊ, गुंडोबा. मूल त्याच्यासारखं टणक राहावं म्हणून. वरवंटा माहेरचाच होता, पाट्याबरोबर आलेला. बंगलूर स्टेशनात उतरताना भागुबाईच्या हातून पडला आणि त्याच्या एका टोकाचा टवका उडाला.

एकोणिसाव्या दिवशी पोरगी गेली. ताप आला आणि सकाळपर्यंत गेली.

एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाई जात नाही, बाळंतीण तर नाहीच. ज्योतिबा फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि मातीचे हात घेऊन परत आला. कुठं, असं तिनं विचारलं. “बागेतच हाय,” म्हणाला. बागेत कुठं? “मालकाला कळलं तर हाकलून देतील. तू काय गप बसणार हायीस का? तिथंच जाऊन बसशील. बागेत हाय, एवढं पुरे.” पुढं तिनं दहादा विचारलं, भांडून विचारलं, रडून विचारलं. तो सांगून गेला नाही. सहा वर्षांपूर्वी तो वारला.

“अन् लीले, त्या बागेत मी अकरा वर्सं झाडू मारला. रोज सकाळी. कुठं माझा पाय पडला असंल, कुठं मी टोपली ठेवली असंल, कुठं बसून भाकरी खाल्ली असंल…” तिनं चटणीचे हात पदराला पुसले. “मला बाकी काय नको. कुठं हाय तेवढं बघायचंय. डोळं हायत तवर.”

डोळ्यांचं ते खरंच होतं. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याचं डॉक्टर काही धड सांगत नव्हते.

आणि त्याच दमात म्हातारीनं जुना राग पण काढला. “त्याच दिवसांत माझा वरवंटापण गेला. शेजारची कृष्णाबाई येत-जात व्हती, तिनंच नेला. तोंडावर म्हटलं तिला. पुन्हा जन्मात बोलले न्हाई तिच्याशी.” म्हणून घरातल्या पाट्यावर आजतागायत दुसराच वरवंटा. पाट्याला तो कधी नीट बसला नाही, वाटताना डुगडुगतो. शिवलीलाला तो डुगडुगणारा वरवंटा जन्मापासून माहीत होता.

आता बंगल्यासमोर वीसेक माणसं गोळा झाली होती. त्यांना फिरवून दाखवायला एक मुलगी आली. पंचविशीची, खादीचा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र. नाव श्रीविद्या. इंग्रजीत फडाफडा सुरुवात केली, मग कन्नड, परत इंग्रजी. शिवलीलाला ती बघताक्षणीच आवडली नाही. असल्या हुशार पोरी वर्गात पहिल्या बाकावर असतात.

“हिला काय ठाऊक?” ती आजीच्या कानात पुटपुटली. “ही जन्मली तरी होती का तेव्हा?”

श्रीविद्यानं वळून बघितलं. “अय्यो, तुम्ही मराठी?” ती हसली. “आम्ही पण घरात मराठीच बोलतो. इथलेच, फार जुने. आज्जी, स्वल्प हळू चाला हं, पायऱ्या नव्या आहेत.”

शिवलीला ओशाळली, म्हणजे आणखी चिडली.

बंगला काही ओळखू येत नव्हता. पांढराशुभ्र चुना, लाल कौलं, लाकडी जाळ्यांना हिरवा रंग. भागुबाई भिंतींना हात लावत चालली होती. पण तिचं लक्ष घरात नव्हतंच. खिडकी आली की बाहेर बघायची.

बागेत आल्यावर तर ती पार गोंधळून गेली. मधोमध दगडी कारंजं, चारी बाजूंनी कातरलेल्या मेंदीचे चौकोन, लाल खडीच्या वाटा, वाटांना दोऱ्या लावलेल्या. जिथं नोकरांच्या खोल्या होत्या तिथं पार्किंग.

“ह्यो रस्ता नव्हता,” भागुबाई म्हणाली. “इथं पेरू व्हते. फणस व्हता. चाकाची विहीर कुठंय?”

“विहीर बुजवली होती मागंच,” श्रीविद्या म्हणाली. “आम्ही एकोणीसशे अकराच्या नकाशाप्रमाणं बाग लावलीये ना. नंतर लावलेली जी झाडं नकाशात नव्हती, ती काढावी लागली. बेचाळीस काढली.”

“बेचाळीस?” शिवलीला म्हणाली.

“हो. खोदाई पण बरीच झाली, पाण्याच्या पाइपांसाठी.”

भागुबाईनं नुसता पदर तोंडाला लावला. शिवलीलानं तिच्याकडं बघितलं. बेचाळीस झाडं, इतकी खोदाई. आता कुठं शोधायचं आणि शोधून काय राहिलं असणार? ती भराभरा चारी वाटांनी फिरून आली. दोरीखालून वाकून बघितलं, मेंदीच्या मुळाशी बघितलं. नुसती नवी तांबडी माती आणि नवी रोपं. एक दगड नाही, एक खूण नाही.

परत आली तर म्हातारी कारंज्याच्या कठड्यावर बसलेली.

“सगळी बाग माझ्या गळ्यात असायची बघ,” भागुबाई म्हणाली. आवाज अगदी साधा. “तुझा आजा एवढासा कोपरा झाडायचा आन् दमायचा. मी चिडायचे. म्हणायचे, एवढंच व्हय तुझं काम?” मग म्हणाली, “चल, जाऊ. झालं बघून.”

“अजून मागची खोली राहिलीये,” श्रीविद्या म्हणाली. “तिथं सावली आहे आज्जी, पंखा आहे. पाच मिनिटं बसा.”

मागची खोली म्हणजे जुनं कोठार. तिथं काचेच्या कपाटांत खोदाईत सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. निळ्या बाटल्या, तुटक्या बशा, कुलपं, घोड्याचे नाल. भागुबाई पंख्याखाली बाकावर टेकली. शिवलीलाला बसवत नव्हतं. ती काचा बघत फिरली, एक कपाट, दुसरं, आणि तिसऱ्यापाशी खिळली.

काळा दगड. हातभर नाही, त्याहून आखूड. मध्ये जाड, दोन्हीकडं निमुळता. एका टोकाचा टवका उडालेला.

खाली चिठ्ठी होती, इंग्रजी आणि कन्नडात. शिवलीलाचं कन्नड चांगलं होतं. शाळा सुटली तरी वाचणं सुटलं नव्हतं. *मसाला वाटण्याचा दगड. ईशान्य कोपऱ्यातल्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, मुळांत, अडीच फूट खोल सापडला. बहुधा स्वयंपाकघरातून टाकून दिलेला.*

तिनं ते दोनदा वाचलं. घरातला पाटा तिला डोळ्यांपुढं दिसला. त्याची मधली खोलगट जागा आणि त्यावर कधीच न बसणारा तो परका वरवंटा. आणि हा इथं. अडीच फूट खोल कोण टाकून देतं? टाकायचा दगड माणूस उकिरड्यावर टाकतो. अडीच फूट खणून कशाला ठेवेल?

“टाकून दिलेला?” ती ओरडली आणि तळहात काचेवर आपटला. “टाकून दिलेला म्हणे! कुणी लिहिलं हे?”

काच थरथरली. कपाटावरचा कसलासा भोंगा केकाटायला लागला. माणसं मागं सरली. श्रीविद्या धावत आली. “अगं, काय करतेस! हात काढ आधी!”

“आधी तू चिठ्ठी काढ! तुला काय माहीत कुणाचा आहे तो? नकाशात नाही ना तो? मग फेकून द्यायचा होता, बेचाळीस झाडांसारखा!”

“लीले.”

भागुबाई बाकावरून उठून आली होती. नातीला तिनं बाजूला केलं, डोळा काचेला लावला आणि बघत राहिली. भोंगा कुणीतरी बंद केला.

“माझा गुंडोबा,” भागुबाई म्हणाली.

मग वळून श्रीविद्याला तिनं सगळं सांगितलं. थोडक्यातच. पोरगी, बारसं, एकोणीस दिवस, फडकं. आवाज चढला नाही की फुटला नाही. श्रीविद्याचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला. शेवटी तिनं ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं. ते तिचं तिलाही कळलं नसावं.

शिवलीलानं विचारलं. आवाज आता खाली आला होता. “याच्याबरोबर अजून काय निघालं?”

“काही नाही,” श्रीविद्या म्हणाली. “खरंच काही नाही, मी स्वतः उभी होते तिथं. मातीच होती फक्त, काळी. दगड मुळांनी असा धरून ठेवला होता की काढायला वेळ लागला. त्याच्याखाली आम्ही गेलोच नाही.”

“आणि झाड?”

“ते नकाशात नव्हतं. काढायचंच होतं. पण बहरात होतं. कामगार म्हणाले, फुलावर आलेल्या झाडाला आम्ही कुऱ्हाड लावणार नाही. दोन दिवस अडून बसले. मग पाइपच वळवला.” तिनं भागुबाईकडं बघितलं. “आहे आज्जी. झाड आहे.”

सोनचाफा पार भिंतीच्या कडेला होता, कोपऱ्यात. मघाशी शिवलीला भराभरा फिरली ती फक्त आखलेल्या वाटांनी, इतक्या लांब कुणी वाटच नेलेली नव्हती. झाड दोन मजले उंच. खाली वाळक्या पानांचा थर. श्रीविद्यानं दोरी सोडली. भागुबाईनं चपला काढल्या आणि दोन पावलं टाकून थांबली.

“दूध,” ती म्हणाली.

शिवलीलानं फाटकाकडं बघितलं. नागराज तिथं उभा होता, टोपी घालून. मघाशी तिनं त्याचं चारचौघांत काय केलं होतं ते आठवलं. कान तापले. श्रीविद्या म्हणाली, “मी आणते.”

“नको. मीच जाते.”

फाटकापर्यंतची वाट येताना तिला एवढी लांब वाटली नव्हती. कुणाची माफी तिनं आजवर मागितली नव्हती. सरांची नाही, पार्लरवालीची नाही, बापाची पण नाही. नागराज तिला येताना बघून सरळ उभा राहिला, पुन्हा भांडण आलं म्हणून.

“अण्णा,” ती कन्नडात म्हणाली, “मघाशी चुकलं माझं. ती बाटली द्या. प्यायला नाही. आमचं लेकरू आहे तिथं, झाडाखाली. आजीचं.”

नागराजनं तिच्याकडं बघितलं. मग लांब चाफ्याकडं, झाडापुढं अनवाणी उभ्या राहिलेल्या म्हातारीकडं. बाटली सावलीत ठेवली होती, ओला रुमाल गुंडाळून, नासू नये म्हणून. ती त्यानं दोन्ही हातांनी दिली.

“बरं. जा.”

परत आली तेव्हा भागुबाई तशीच दोन पावलांवर उभी. बाटली घेतली, खाली बसली आणि बुंध्यापासून थोडं अलीकडं दूध हळूहळू ओतलं. पानांवरून ते घरंगळलं आणि मातीत मुरलं. म्हातारी रडेल असं शिवलीलाला वाटत होतं. तिनं हातही तयार ठेवला होता. पण भागुबाई रडली नाही. डोकं तिरकं करून ती काहीतरी आठवत होती.

शिवलीला वाकली आणि वाळकी पानं बाजूला करायला लागली, जागा जरा साफ व्हावी म्हणून.

“राहू दे,” भागुबाई चटकन म्हणाली.

“का?”

“इथलं मी कधी झाडलंच न्हाई.” ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. “कधीच न्हाई. रोपटं एवढंसं व्हतं तवापासनं. मी झाडत झाडत इकडं आले की तो यायचा अन् हातातला झाडू काढून घ्यायचा. ‘चाफ्याखालचं मी बघतो, तू तिकडं जा.’ रोज. अकरा वर्सं. पावसातपण. तापानं फणफणला व्हता तरी उठून आला एकदा. मी म्हटलं, एवढासा कोपरा झाडतो अन् दमतो…”

तिनं चाफ्याखालच्या मातीवर तळहात ठेवला.

“माझा पाय पडू दिला न्हाई त्यानं, लीले. एकदापण.”

चाफ्याचं एक फूल मागं कुठंतरी पडलं. श्रीविद्या दोरी हातात धरून लांब उभी होती. थोड्या वेळानं जवळ आली आणि म्हणाली, “आज्जी, तो दगड तुमचा आहे. मी ट्रस्टला लिहिते. वेळ लागेल, वचन देत नाही. पण घरी न्यायला मिळावा म्हणून…”

“घरी कशाला? वाटायला?” भागुबाई म्हणाली. “घरी हाय एक, डुगडुगता. आता सवय झाली त्याची. मिळाला तर तिच्याजवळ परत ठेवा. थोरला भाऊ हाय तो.”

श्रीविद्यानं मान हलवली. मग शिवलीलाला विचारलं, “तोवर चिठ्ठीवर काय लिहू?”

शिवलीलानं विचार केला. लिहिण्यासारखं खूप होतं आणि ते या सगळ्या गॉगलवाल्यांनी वाचावं असं काहीच नव्हतं. “काही लिहू नका. ती शेवटची ओळ तेवढी काढा.”

“आजच काढते.”

भागुबाईनं झाडाला हात टेकला आणि उठली. चपला घालायच्या आधी एकदा मागं बघितलं. फाटकातून जाताना नागराजनं टोपी काढली. आतलं लेबल आता नव्हतं. शिवलीलाच्या ते लगेच लक्षात आलं आणि तिनं खाली बघितलं.

बसस्टॉपवर सावली नव्हती. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चामराजपेटची एक बस आली, भागुबाईनं हात केला नाही. ती गेली. दुसरी आली, ती पण गेली.

“आज्जी, बस गेली की. काय झालं?”

“कृष्णाबाई,” भागुबाई म्हणाली. “तिचा थोरला तुमकूरला असतो न्हवं, बिंदुमाधव? मंजुनाथाच्या शाळेतला. बापाला विचार, नंबर हाय का.”

“आत्ता? घरी जाऊन करू की.”

“आत्ताच कर. ती जिती हाय का, एवढं आधी विचार.”

शिवलीलानं मोबाईल काढला आणि बापाला फोन लावला.